साबळे, अविनाश मुकुंद
(१३ सप्टेंबर १९९४– ). ३,००० मीटर स्टीपलचेसचा भारतीय धावपटू, मूळ गाव मांडवा (ता. आष्टी, जि. बीड). २८ अडथळे व ७ पाणउड्यांच्या या शर्यतीत सुरुवातीपासून वेग चढा ठेवणे, ही त्याची खरी ताकद. युजीन येथील २०२२च्या जागतिक अंतिम फेरीत शर्यत रेंगाळली, अखेरच्या झपाट्यात तो मागे पडून अकरावा आला. पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र त्याने केनियाच्या अब्राहम किबिवोटला शेवटपर्यंत झुंजवले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले (८:११.२०, रौप्य). हांगझो आशियाई स्पर्धेत (२०२३) आघाडी घेऊन ८:१९.५० या स्पर्धाविक्रमासह त्याने सुवर्ण जिंकले.