पनवेलची चाकं, मुंबईचा पत्रा

रेल्वे बोरघाट चढण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस गलबतातून पनवेल बंदरात उतरे आणि तिथून गाडीरस्ता धरी. 1830 मध्ये घाटातला हा रस्ता खुला झाला आणि पनवेलात एक धंदा चांगलाच फोफावला. तो म्हणजे बैलगाडीची चाकं. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरनं त्याची मुद्दाम नोंद केली आहे. देशावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान शक्य तर पनवेलच्या चाकांची जोडी घेऊनच परत घाट चढे. सुतार आरे आणि पाटे जुळवी, लोहार लालबुंद तापलेली धाव वर चढवून पाणी ओती, आणि निवताना आक्रसलेलं लोखंड सगळं लाकूड आवळून धरी. 1863 मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली आणि बंदराचा रुबाब उतरला.

या चाकांचा स्पोर्ट्स कारशी काय संबंध? 1945 ते 1949 या काळात इंग्लंडात बनलेली एमजी टीसी उघडून बघावी. खाली पोलादी चॅसी, तिच्यावर अ‍ॅश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पातळ पत्रा. जग्वार एक्सके 120 च्या पहिल्या दोनशेहून अधिक गाड्यांतही लाकडी सांगाडा होता, पत्रा तेवढा अ‍ॅल्युमिनियमचा. अशी गाडी दुरुस्तीला घेतली की आधी सुतार लागतो, मग डेंटर. लाकूड ओल धरून ठेवतं, त्याला टेकलेला पत्रा आतून सडतो आणि बाहेरचा रंग बिनदिक्कत चकाकत राहतो.

मुंबईला असे कारागीर मिळाले, त्यात सरकारी धोरणाचा हात मोठा. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून नुसती जुळवाजुळव करणाऱ्यांची वाट बंद झाली आणि पुढच्याच वर्षी हा कारखाना मिटला. उरले देशात गाड्या बनवणारे. मुंबईत वालचंद हिराचंद यांची प्रीमियर, तिचा कारखाना कुर्ल्याला. परदेशी गाडीचा फेंडर किंवा दाराची खालची पट्टी मागवणं जवळपास अशक्य झालं. मग हातोडी, डॉली आणि गॅस वेल्डिंगवर नवा पत्रा जुन्या आकारात घडवणं हाच मार्ग उरला. त्या हातांना रोजचा सराव दिला तो टॅक्सींनी. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या प्रीमियरच्या पद्मिनी टॅक्सीला वेगळी चॅसी नव्हतीच; तिची फरशी गळली म्हणजे गाडीचा कणाच गळाला.

गंजलेल्या गाडीत रंगाचं काम सगळ्यात शेवटी येतं, आणि हौशी मालकाला नेमकी त्याचीच घाई असते. आधी गाडी सपाट जमिनीवर आधाराच्या घोड्यांवर चढवायची, दारांच्या चौकटीत आडवे लोखंडी बार जोडायचे आणि चॅसीचे कर्ण मोजून लिहून ठेवायचे. हे न करता सडका भाग कापला, तर गाडी मधोमध बसते आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून पत्रा बेतायचा. वेल्डिंग सलग ओढायचं नाही; थोडं इथे, थोडं पलीकडे, नाहीतर उष्णतेनं पत्रा लाटा मारतो. बंद पेटीसारख्या चॅसीत पाणी शिरतं आणि चिखलानं निचऱ्याची भोकं बुजली की आतच राहतं. म्हणून ती भोकं मोकळी ठेवायची आणि आतून मेणाचा थर द्यायचा. गंजानं पडलेलं भोक बुजवून वर लांबी भरणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं. असं काम एक पावसाळा टिकतं, फार तर दोन.

पावसाळ्याचं वेळापत्रक इथे कुणालाच चुकत नाही. पनवेलजवळ, डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या बेलपाड्यात जुलैमध्ये उघडा घासलेला पत्रा रात्रभरात तांबूस पडतो. जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोज रंग दमट हवेत मारला तर पांढुरका होतो. जाणता पेंटर दसऱ्यापर्यंत स्प्रे गनला हात लावत नाही.

बेलपाडा आता खारघरचा भाग आहे, 2016 पासून पनवेल महापालिकेत आहे, आणि नोव्हेंबर 2023 पासून त्याच्या नावाचं मेट्रो स्थानकही आहे. जवळच कळंबोलीचा लोखंड बाजार. चाकाच्या धावेसाठी लोखंड लागणारा हा मुलूख आज ट्रकच्या ट्रक पोलाद विकतो. याच जिल्ह्यात अलिबागकडे चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली, तिची बॉडी फायबरग्लासची. समुद्राशेजारी राहून पत्र्याचा नाद सोडणं हे शहाणपणाचंच म्हणायचं.

जुन्या गाड्यांना मात्र ती सोय नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. अट योग्यच आहे, पण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा दिल्लीची हवा असावी. कोकणात पन्नास वर्षं राहिलेल्या चॅसीला ठिगळ नसेल तर ती वापरलीच गेली नसेल.

तेव्हा ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी उभी आहे, त्यांनी कटर चालवण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक सडक्या भागाचा मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. आणि चॅसी नंबर ठोकलेला तुकडा कितीही गंजला असला, तरी तो कापू देऊ नये.