संस्थेची स्मृती : डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेचा इतिहास

संगणकाच्या इतिहासात डग्लस एंगेलबार्ट (१९२५–२०१३) यांचे नाव बहुधा ‘माउस’ या उपकरणाशी जोडले जाते. हे उपकरण त्यांनी व बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास सिद्ध केले हे खरे. परंतु त्यांच्या लेखी ते एका फार मोठ्या योजनेतील किरकोळ साधन होते. अनेक माणसे मिळून एखाद्या गुंतागुंतीच्या प्रश्नावर काम करतात, तेव्हा त्यांना जे उमगले ते कोठे साठवावे, कसे शोधावे आणि मागाहून येणाऱ्यांच्या हाती कसे द्यावे, हा त्या योजनेचा मूळ प्रश्न होय. भाषेच्या अभ्यासकाने या योजनेकडे वळण्यास आणखीही एक कारण आहे. तिची तात्त्विक बैठक भाषाविज्ञानातून आलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलात रडार-तंत्रज्ञ म्हणून फिलिपाईन्समध्ये असता एंगेलबार्ट यांच्या वाचनात व्हॅनिव्हर बुश यांचा १९४५ चा प्रसिद्ध लेख आला. पुढे १९५७ मध्ये ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले, आणि १९६२ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या साहाय्याने त्यांनी मानवी बुद्धीच्या संवर्धनाविषयीचा आपला अहवाल लिहिला. त्यात बेंजामिन ली व्हॉर्फ यांच्या मताचा विस्तार आहे. भाषा विचाराला वळण लावते, एवढ्यावर एंगेलबार्ट थांबत नाहीत. चिन्हे हाताळण्याची बाह्य साधनेही भाषेला आणि विचारशक्तीला वळण लावतात, असे ते प्रतिपादतात. प्रमाणादाखल त्यांनी पेन्सिलीला वीट बांधून लिहून पाहिले. लेखन इतके कष्टाचे असते तर ग्रंथ, पत्रव्यवहार आणि हिशेब यांचे स्वरूप काय झाले असते, हा त्यांचा प्रश्न आजही निरुत्तर करणारा आहे. स्वतः व्हॉर्फ आगीच्या विमा कंपनीत नोकरीस होते आणि पेट्रोलच्या ‘रिकाम्या’ म्हटल्या जाणाऱ्या, पण वाफेने भरलेल्या पिंपांजवळ कामगार कसे निष्काळजी होतात, हे त्यांनी तेथेच टिपले होते, याचे येथे स्मरण होते. संस्थेतील शब्द आणि संस्थेवरील संकट यांचे नाते त्यांना कचेरीतच दिसले.

एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेची पद्धती सहकारी, आणि एका अर्थी धाडसी होती. जे साधन घडवायचे तेच वापरून ते घडवायचे, असा तेथला दंडक होता. संशोधकांच्या योजना, टीका, आज्ञावली आणि आपापसातील टिपणे ही सर्व ‘एन. एल. एस.’ या एकाच प्रणालीत लिहिली जात. मजकुराच्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असे, त्यामुळे पानाचा नव्हे, तर नेमक्या विधानाचा संदर्भ देता येई. १९७० नंतर रूढ झालेल्या ‘जर्नल’ या व्यवस्थेने याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिच्यात दाखल झालेल्या टिपणाला कायमचा क्रमांक मिळे व ते पुन्हा बदलता येत नसे. मत पालटल्यास नवे टिपण लिहून जुन्याशी त्याचा धागा जोडायचा. निर्णयाबरोबरच त्यामागचा वादही टिकवून ठेवणारी ही योजना होती. कोणत्याही कचेरीच्या दप्तरात आढळते ते शेवटचे शिक्कामोर्तब. त्याआधीची घालमेल सहसा आढळत नाही.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झालेले या प्रणालीचे सुमारे दीड तासाचे प्रात्यक्षिक सुपरिचित आहे. त्यानंतर वर्षभरातच ही संस्था आर्पानेट या जाळ्याचे दुसरे केंद्र झाली आणि जाळ्याच्या माहितीकेंद्राचे काम तिच्याकडे आले.

मग ही योजना मागे का पडली? निधी आटला, आणि बिल इंग्लिश यांच्यासह अनेक सहकारी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात गेले, ही कारणे दिली जातात व ती खरीही आहेत. पण मूळ मतभेद खोल होता. एंगेलबार्ट यांची प्रणाली शिकण्यास कठीण होती, आणि ती कठीण असण्यात त्यांना वावगे वाटत नसे. भाषा शिकण्यास तरी कोठे सोपी असते? झेरॉक्समध्ये गेलेल्यांनी याच्या उलट, एकट्या माणसाला सहज वापरता येईल असे यंत्र डोळ्यांपुढे ठेवले. बाजाराने त्यांच्या बाजूने कौल दिला. त्या कौलात सोय आली, परंतु समूहाने मिळून विचार करण्याची कल्पना बरीच वर्षे अडगळीत पडली, हे नुकसान लहान मानता येणार नाही. मात्र दोषाचा काही भाग एंगेलबार्ट यांच्याकडेही जातो. नवी कार्यपद्धती अंगवळणी पाडण्याचे श्रम लोक का घेतील, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याजवळ नव्हते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रणाली टिमशेअर या कंपनीस विकली गेली. १९८४ मध्ये ती कंपनी मॅक्डॉनेल डग्लस या विमाननिर्मात्या उद्योगाने घेतली. १९८८ मध्ये एंगेलबार्ट यांनी कन्या क्रिस्टीना यांच्यासह बूटस्ट्रॅप इन्स्टिट्यूट स्थापन केली. संस्थेचे नित्य काम, त्या कामाची सुधारणा आणि सुधारणा करण्याच्या रीतीचीच सुधारणा असे तीन स्तर ते मानीत, आणि तिसऱ्या स्तरावर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांनीही एकत्र संशोधन करावे, असा त्यांचा आग्रह होता. १९९७ मध्ये त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

प्रयोगशाळेची व माहितीकेंद्राची कागदपत्रे आज माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयात आहेत. ती तेथे पोहोचली ती त्या माहितीकेंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर यांनी जपून ठेवली म्हणून. आणि ती खोक्यांत भरलेली, कागदावरची होती.