अमेरिकेतील मध्यावधी निवडणूक

श्रोतेहो, 'मध्यावधी निवडणूक' हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. १९७१ साली लोकसभेची निवडणूक मुदतीच्या वर्षभर आधी झाली. पुढे १९८०, १९९१, १९९८ आणि १९९९ सालीही सभागृहाची मुदत पुरी होण्यापूर्वीच मतदान घ्यावे लागले. आपल्याकडे मध्यावधी निवडणूक म्हणजे अवेळी आलेला पाऊस. अमेरिकेत मात्र ती पंचांगातल्या सणासारखी ठरल्या तिथीलाच येते. सरकार पडो न पडो, ती काही चुकत नाही.

याचे कारण त्यांच्या राज्यघटनेत आहे. तेथे अध्यक्षाची मुदत चार वर्षांची. कायदे करणाऱ्या काँग्रेसची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहाचे ४३५ सभासद दर दोन वर्षांनी नव्याने निवडले जातात. सेनेटरची मुदत सहा वर्षांची, पण त्यांतील एक तृतीयांश दर दोन वर्षांनी मतदारांपुढे जातात. म्हणजे अध्यक्षाची निम्मी कारकीर्द झाली, की ही निवडणूक दारात उभी. अध्यक्ष स्वतः तीत उमेदवार नसतो, पण परीक्षा त्याचीच असते. पक्ष हरला तरी त्याची खुर्ची जात नाही. मात्र कायदा आणि पैसा ज्या सभागृहांच्या हाती, ती विरोधकांकडे जाऊ शकतात.

मतदानाची तिथी कशी ठरली तेही ऐकण्यासारखे आहे. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ही ती तिथी. १८४५ च्या कायद्याने ती अध्यक्षाच्या निवडणुकीसाठी मुक्रर झाली आणि १८७२ च्या कायद्याने प्रतिनिधिगृहासाठीही. देश तेव्हा शेतकऱ्यांचा होता. नोव्हेंबरात सुगी आटोपलेली असे आणि वाटा अजून बर्फाने अडलेल्या नसत. रविवार प्रार्थनेचा. सोमवारी घोडागाडी जुंपून निघावे आणि मंगळवारी कचेरीच्या गावी मत द्यावे, असा त्याचा उलगडा सांगतात.

आता आपण १९४६ सालाकडे वळू. रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी वारले आणि उपाध्यक्ष हॅरी ट्रूमन अध्यक्ष झाले. हा मिसूरी राज्यातला मनुष्य. तरुणपणी दहा-एक वर्षे त्याने स्वतः शेती केलेली. महायुद्ध जिंकले, पण लढाई संपली म्हणजे संसाराच्या अडचणी संपल्या असे थोडेच आहे! संपांमागून संप झाले. पोलाद, कोळसा, रेल्वे सगळीकडे काम थांबले. जूनअखेर भावनियंत्रणाचा कायदा संपला, तसे भाव भडकले. मांसावर पुन्हा नियंत्रण आणले, तर पशुपालकांनी गुरे बाजारात आणणेच थांबवले आणि खाटकांची दुकाने ओस पडली. अखेर १४ ऑक्टोबरला ट्रूमननी मांसावरचे नियंत्रण उठवले. पण मतदान तीन आठवड्यांवर आलेले, गृहिणीचा राग इतक्या लवकर कसा ओसरणार? रिपब्लिकन पक्षाने लोकांना एकच प्रश्न विचारला, 'पुरे झाले की नाही?'

५ नोव्हेंबरला लोकांनी उत्तर दिले. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन २४६ आणि ट्रूमन यांचे डेमोक्रॅट १८८. तेव्हाच्या ९६ जणांच्या सेनेटात ५१ विरुद्ध ४५. दोन्ही सभागृहे १९३१ नंतर प्रथमच रिपब्लिकनांच्या हाती आली. ट्रूमन यांच्याच पक्षाचे सेनेटर फुलब्राइट यांनी तर सुचवले, की अध्यक्षांनी रिपब्लिकन परराष्ट्रमंत्री नेमून राजीनामा द्यावा. उपाध्यक्षाची जागा रिकामी होती, त्यामुळे तो मंत्री आपोआप अध्यक्ष झाला असता. ट्रूमन मतदान करून आगगाडीने राजधानीत परतले, तेव्हा स्वागताला फलाटावर मंत्रिमंडळातले कोणीच नव्हते. परराष्ट्र खात्यातले डीन अॅचेसन तेवढे उभे होते. पडत्या माणसाला सावली कोण देतो? हा अनुभव गावोगावचा आहे.

ट्रूमननी राजीनामा दिला नाही. नव्या काँग्रेसने काय केले, ते दोन भागांत पाहिले पाहिजे. परराष्ट्र धोरणात दोन्ही पक्षांनी शहाणपण दाखवले. सेनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, रिपब्लिकन नेते व्हँडेनबर्ग, यांनी विरोधकाचा मान राखला आणि देशाचे कामही केले. ग्रीस व तुर्कस्तानला मदत मिळाली. युद्धाने मोडलेल्या युरोपाला उभे करणारी मार्शल योजना एप्रिल १९४८ मध्ये कायदा बनली. सत्ता दोन हातांत विभागली, तरी काम अडले नाही.

घरच्या कारभारात मात्र निराळा प्रकार झाला. जून १९४७ मध्ये कामगार संघटनांना चाप लावणारा टाफ्ट-हार्टले कायदा अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून, दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर झाला. भाववाढ आणि घरटंचाई यांवर ट्रूमन कायदे मागत राहिले, काँग्रेस कानाडोळा करत राहिली.

आणि मग शेतकऱ्याच्या वर्मावर घाव बसला. तेथे शेतकऱ्याने धान्य तारण ठेवायचे आणि सरकारकडून हमीभावाने कर्ज घ्यायचे, अशी व्यवस्था होती. अट एकच, धान्य मान्यताप्राप्त कोठारात असले पाहिजे. १९४८ च्या नव्या कायद्याने सरकारी महामंडळाला आणखी कोठारे घेण्यास बंदी केली. त्यात त्या साली मका अमाप पिकला. भाव उतरले आणि माल ठेवायला जागा नाही! हमीभाव कागदावर राहिला; शेतकऱ्याला माल कमी भावात विकावा लागला.

ट्रूमननी ही नाडी ओळखली. २६ जुलै १९४८ ला, म्हणजे मिसूरीत सलगम पेरायच्या सुमारास, त्यांनी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावले. ते अकरा दिवस चालले आणि विशेष काही न होता संपले. मग ट्रूमन आगगाडीने देशभर निघाले. आयोवा राज्यात डेक्स्टर येथे १८ सप्टेंबरला नांगरटीची राष्ट्रीय स्पर्धा होती. तेथे जमलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी सांगितले, की या काँग्रेसने तुमच्या पाठीत गवत उलथायचा काटा खुपसला आहे. पंडितांना ही भाषा रांगडी वाटली असेल, पण ती बांधावर कळली.

सगळे जाणकार म्हणत होते, की रिपब्लिकन उमेदवार ड्युई जिंकणार. शिकागोच्या एका दैनिकाने तर ट्रूमन हरल्याचा मथळाही छापून टाकला. निकाल उलटा लागला. ट्रूमनना निर्वाचक मंडळात ३०३ मते आणि ड्युईंना १८९. दोन्ही सभागृहे पुन्हा डेमोक्रॅटांकडे आली. १९४४ साली ड्युईंना साथ देणारी आयोवा, ओहायो, विस्कॉन्सिन ही शेतीची राज्ये या वेळी ट्रूमनकडे वळली.

हे दोन वर्षांत कसे घडले? एक कारण साधे आहे. १९४४ मध्ये अध्यक्षपदासाठी सुमारे ४ कोटी ८० लाख मते पडली होती, १९४६ च्या मध्यावधीत सुमारे ३ कोटी ४० लाखच. रागावलेला मनुष्य आठवणीने मतदानाला जातो, समाधानी मनुष्य घरी बसतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. लोकांनी 'पुरे' म्हटले ते टंचाईला आणि गोंधळाला. रूझवेल्टच्या काळात कामगाराला व शेतकऱ्याला जो आधार मिळाला, तो काढून घ्या, असे काही त्यांनी सांगितले नव्हते. धन्याने लगाम ओढला, म्हणजे घोडा विकायला काढला, असा अर्थ विजेत्यांनी लावला आणि तेथेच ते फसले.

नंतरही हा खेळ चालूच राहिला. १९९४ साली चाळीस वर्षांनी दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडे गेली; अध्यक्ष क्लिंटन मात्र १९९६ मध्ये पुन्हा निवडून आले. २०१० साली ओबामांच्या पक्षाने प्रतिनिधिगृह गमावले, तरी २०१२ मध्ये ओबामा जिंकले. मात्र हा काही अटळ नियम नव्हे. २०१८ साली ट्रम्प यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृह गमावले, आणि २०२० मध्ये ते स्वतःही हरले. उलट १९३४, १९९८ आणि २००२ अशा मोजक्या मध्यावधी निवडणुकांत अध्यक्षाच्या पक्षाच्या जागा प्रतिनिधिगृहात वाढल्याही.

शिक्षक बंधुभगिनींनी हा धडा वर्गात सांगताना आकड्यांपेक्षा ते मक्याचे कोठार मुलांच्या डोळ्यांपुढे उभे करावे. दूर राजधानीत कायद्यात एक ओळ बदलते आणि खळ्यावरच्या राशीचा भाव बदलतो. निकालाच्या दिवशी जिंकणाऱ्याने गुलाल जरूर उधळावा. पण लोकांनी आपल्याला नेमके काय सांगितले, हे त्याने त्याच रात्री स्वतःला विचारावे. नाहीतर दोन वर्षांनी लोकच त्याला ते विचारतील.