दुर्मीळ की विरळ?

‘डॉलर’ हा शब्द म्हणजे एका लांबलचक नावाचे उरलेले शेपूट. बोहेमियात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, योआखिम्स्टाल नावाचे गाव होते. नावाचा अर्थ संत योआखिमचे खोरे. १५१६च्या सुमारास तिथे चांदी लागली, श्लिक घराण्याच्या सरदारांनी तिची जाडजूड नाणी पाडली आणि ती ‘योआखिम्स्टालर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. घासाघीस करताना एवढे नाव कोण घेणार? जर्मनांनी पुढचा भाग छाटून ‘टालर’ ठेवले, डचांच्या तोंडी ‘डालर’ झाले, इंग्रजीत ‘डॉलर’. रशियनांनी नेमके उलटे केले: खोरे टाकले, संत ठेवला आणि त्याच नाण्याला ‘येफिमोक’ म्हटले. ‘टाल’ म्हणजे खोरे. निअँडरथल मानवाच्या नावातला ‘थल’ तोच. त्याला आपल्या ‘स्थळा’शी जोडण्याचा मोह होतो, तो आवरावा.

तर डॉलर म्हणजे नुसता ‘खोऱ्यातला’. कुठल्या खोऱ्यातला, हे गळून गेले म्हणूनच तो शब्द कोणत्याही देशाला चालला असावा. नाणेसंग्राहक मात्र आधी गावच शोधतो. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१मध्ये पाडलेला अमेरिकेचा ‘मॉर्गन डॉलर’ घ्या. वजन २६.७३ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. नव्वद टक्के चांदी. मागच्या बाजूला गरुडाखालच्या पानांच्या वेढ्याची गाठ आणि तिच्याखाली, ‘डॉलर’ याच शब्दाच्या डोक्यावर, टांकसाळीचे इवलेसे अक्षर: सॅन फ्रान्सिस्कोचा ‘एस’, न्यू ऑर्लिन्सचा ‘ओ’, कार्सन सिटीचे ‘सीसी’. फिलाडेल्फियाची जागा कोरी. (टांकसाळ ही ‘टंकशाला’, हे सर्वश्रुत. अरबी ‘सिक्का’ची वाट अधिक मजेची: मूळ अर्थ ठसा, तो व्हेनिसला जाऊन ‘झेक्का’ म्हणजे टांकसाळ झाला, तिच्यातले नाणे ‘झेक्किनो’, आणि तेच इंग्रजीत ‘सीक्विन’, म्हणजे कपड्यावरची टिकली.)

१८९३चा ‘एस’ डॉलर फक्त एक लाख पाडला गेला. चलनासाठी पाडलेल्या मॉर्गनांत हा आकडा सर्वांत लहान. म्हणूनच फिलाडेल्फियाच्या कोऱ्या जागी खोटा ‘एस’ चिकटवण्याचा उद्योग चालतो. जाणकार मग नाणे उलटून पुढची बाजू पाहतो. स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटपट्टीवरच्या ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर ठशाचीच एक तिरपी बारीक रेघ उमटलेली असते. ती नसेल तर ‘एस’ कितीही देखणा असो, उपयोग नाही.

अशा नाण्याला आपण सरसकट ‘दुर्मीळ’ म्हणतो. हा शब्द संस्कृत ‘दुर्लभ’च्या धर्तीवर मराठीनेच घडवलेला दिसतो: दुर् आणि मिळणे, म्हणजे मिळायला कठीण. किती आहेत, याबद्दल तो काहीच सांगत नाही. ते सांगतो ‘विरळ’. संस्कृत ‘विरल’ म्हणजे घनाच्या उलट, मध्ये मोकळी जागा असलेले. डोक्यावरचे केस विरळ होतात, दुर्मीळ होत नाहीत.

हा फरक काथ्याकूट वाटेल, पण १९०३चा ‘ओ’ डॉलर पाहा. पाडले गेले चव्वेचाळीस लाखांवर. तरी कित्येक दशके तो हाती लागत नव्हता आणि सूचीत त्याचा भाव दीड हजार डॉलरपर्यंत चढला होता. सारा माल वितळला गेला, असा समज होता. १९६२च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून गोण्याच्या गोण्या बाहेर पडल्या, त्यांत हेच डॉलर. नाणे दुर्मीळ होते, विरळ कधीच नव्हते.

वितळल्याचा समज वावगा नव्हता, आणि इथे धागा आपल्याकडे येतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक कागदी नोटा देऊन रुपये मागू लागले आणि सरकारला चांदी पुरेना. एप्रिल १९१८मध्ये अमेरिकेने ‘पिटमन कायदा’ केला. त्याखाली सत्तावीस कोटी डॉलर वितळले गेले आणि बहुतेक चांदी ब्रिटिशांमार्फत हिंदुस्थानासाठी गेली. ‘रुपया’च्या मुळाशी ‘रूप्य’ आहे आणि पाणिनीय परंपरेत त्याचा एक अर्थ ‘ठसा उमटवलेले’ असा आहे. खोऱ्यातली वस्तू पुन्हा ठशाखाली गेली म्हणायची. कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती वितळले, ही नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे पाडल्याचा आकडा ठाऊक असूनही उरल्याचा अंदाजच करावा लागतो.

विरळपणानंतर पाहायची ती अवस्था. संग्राहक नाण्याला १ ते ७० यांतला ‘ग्रेड’ देतात. विल्यम शेल्डनने १९४९मध्ये ही मोजपट्टी जुन्या अमेरिकी सेंटांसाठी बसवली, आणि ७० म्हणजे तळाच्या नाण्याच्या सत्तरपट मोल, असा तिचा मूळ हिशेब होता. आपला शब्द ‘दर्जा’. गंमत अशी, की लॅटिन ‘ग्रादुस’ आणि अरबी ‘दरजा’ या दोहोंचाही अर्थ पायरी! आपल्या सराफांना मात्र चढायच्या पायऱ्यांपेक्षा उतरण परिचयाची: झिजलेल्या रुपयावर ते ‘बट्टा’ कापत. नावाला लागतो तो बट्टा इथूनच आला असावा.

उरली किंमत. ‘मोल’ हे ‘मूल्य’, म्हणजे ‘मूल’ या शब्दाचे अपत्य. त्यात मुळाची, वस्तूच्या आतली भावना आहे. ‘किंमत’ मात्र अरबी, आणि तिचा धातू उभे राहण्याचा. ‘कायम’ आणि ‘मुक्काम’ याच कुळातले. १८९३च्या ‘एस’चा एक उत्तम नग २०२१मध्ये वीस लाख डॉलरांच्या पुढे विकला गेला, आणि त्यातली चांदी पाऊण औंसाहून जरा जास्त. मोल त्या पाऊण औंसाचे, आणि बाकी सारी किंमत. १९०३च्या ‘ओ’ची तर गोण्या सुटताच कोसळली, ‘कायम’शी असलेले नाते तिला तेव्हा आठवले नसावे.