लोहाऱ्याचं खनिज, वरोऱ्याचा कोळसा आणि पत्र्याचं मॉडेल

संशोधनाला यायची तयारी करत असाल, तर आधी आपल्याच भागातली एक गोष्ट ऐका.

१८८२ साली जमशेदजी टाटांच्या वाचनात फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. विषय होता चांदा जिल्ह्यातलं लोखंड. (गडचिरोली तेव्हा चांद्यातच होतं; वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.) लोहाऱ्याचं खनिज उत्तम, कोळसा वरोऱ्याला. कागदावर सगळं जुळत होतं. पण कोळसा तपासला, तर तो लोखंड गाळायच्या कामाचा निघाला नाही. टाटांची कंपनी पुढे १९०७ मध्ये स्थापन झाली आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. खनिज कितीही तपासलं तरी त्यावरून कोळसा कळत नाही.

माझ्या विषयातही, म्हणजे पत्र्याच्या मॉडेलमध्ये, असंच घडलं.

गाडीचं दार प्रेसमध्ये दाबण्याआधी ते संगणकावर दाबून बघतात, पत्रा कुठे फाटेल ते कळावं म्हणून. त्यासाठी पत्रा किती स्ट्रेसला कायमचा आकार बदलू लागतो, म्हणजे यील्ड होतो, याचं सूत्र लागतं. फॉन मिसेसचं १९१३ चं सूत्र सगळ्या दिशा सारख्या मानतं. रोलिंग केलेला पत्रा तसा नसतो. म्हणून रॉडनी हिल यांनी १९४८ मध्ये दिशेचा हिशेब धरणारं सूत्र दिलं. ०, ४५ आणि ९० अंशांत पट्ट्या कापायच्या, ओढायच्या आणि रुंदीतला स्ट्रेन भागिले जाडीतला स्ट्रेन, म्हणजे ‘आर’, काढायचा. सोपं काम, आणि साध्या स्टीलला बऱ्यापैकी चाललं.

१९७० मध्ये वुडथॉर्प आणि पिअर्स यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा तपासला. आर १ पेक्षा कमी असेल, तर हिल यांच्या सूत्राप्रमाणे पत्रा दोन्ही दिशांनी ताणल्यावर कमी स्ट्रेसला यील्ड व्हायला हवा, आर ०.६ धरला तर सुमारे ११ टक्के कमी. प्रत्यक्षात दिसलं उलटंच! एका दिशेने ओढलेली पट्टी दोन दिशांच्या ताणाबद्दल पुरेसं सांगत नव्हती.

हिल यांनीच १९७९ मध्ये नवं सूत्र मांडलं. बार्लाट आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या मॉडेलमध्ये तर दोन दिशांच्या ताणाची मोजमापं थेट घातली जातात.

म्हणून विषय ठरवताना मॉडेलचं नाव आणि सॉफ्टवेअर नंतर बघा. आधी गाइडना विचारा: आपल्या लॅबमध्ये फक्त टेन्साइल मशीन आहे, की बल्ज टेस्टची सोयही आहे? नसेल, तर ती कुठे करून मिळेल? हे उत्तर पहिल्या सहा महिन्यांत हातात हवं.