केळ्यावरचं चिलट आणि वेरोनिका रॉड्रिग्ज

वसईत घरात राजेळी केळी पिकायला लागली की भोवती बारीक चिलटं हजर. आता मला सांगा, जेमतेम तीन मिलीमीटरच्या या जिवाला केळं पिकल्याचं कळतं कसं? या एका प्रश्नापायी एका बाईंनी तीस वर्षं घालवली, आणि त्यातली बरीचशी आपल्याच मुंबईत. विरार लोकलने चर्चगेटला उतरा आणि कुलाब्याच्या टोकाला नेव्हीनगरात जा. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. बाईंचं नाव वेरोनिका रॉड्रिग्ज.

आडनाव ऐकून वसईकरांचे कान टवकारतील, पण त्या आपल्या गावच्या नाहीत. गोवेकर आईवडिलांच्या पोटी १९५३ साली केनियात जन्म. आधी युगांडातलं मकेरेरे विद्यापीठ, मग डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज. तिथे असताना त्यांनी ओबेद सिद्दीकींचं संशोधन वाचलं, त्यांना पत्र लिहिलं आणि १९७७ च्या सुमाराला पीएचडीसाठी मुंबई गाठली. आपली बॅच डब्लिनला जायला धडपडते, आणि या तिथून इकडे आल्या!

सिद्दीकींनी १९६२ साली टीआयएफआरमध्ये जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. पुढे ते जिवाणूंकडून फळमाशीकडे, म्हणजे आपल्या चिलटाकडे वळले. त्यांची पद्धत आपल्या लायनीतल्यांना लगेच कळेल. समजा तुमच्याकडे लाखो ओळींचा कोड आहे आणि डॉक्युमेंटेशन शून्य. काय कराल? एकेक ओळ बिघडवून बघाल की काय बंद पडतं. इथे ओळ म्हणजे जनुक. माशांमध्ये जनुकीय बिघाड घडवायचे, हजारो माशा तपासायच्या, आणि वास किंवा चव न कळणाऱ्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या. १९८१ साली रॉड्रिग्ज आणि सिद्दीकींनी अशाच एका माशीवर शोधनिबंध लिहिला. तिला ग्लुकोजसारख्या शर्करांची चव नीट कळत नव्हती, फ्रुक्टोजची मात्र कळत होती. म्हणजे 'गोड' हे एकच बटण नाही, वेगवेगळ्या साखरांचे दरवाजे वेगळे आहेत.

पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. वास नाकातून (माशीच्या बाबतीत मिशांतून) मेंदूत गेल्यावर तिथे कसा मांडला जातो? माशीच्या मेंदूत वासाचं पहिलं स्टेशन म्हणजे साधारण ५० छोट्या गोळ्यांचा एक पुंजका. पीएचडीनंतर जर्मनीत ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेत एरिश बुखनर यांच्याबरोबर त्यांनी एक तंत्र वापरलं, जे उंदरांवर आधी यशस्वी झालं होतं. माशीला किरणोत्सारी नकली साखर द्यायची आणि मग एखादा वास हुंगवायचा. ज्या पेशी कामाला लागतात त्या साखर जास्त ओढतात, पण नकली असल्याने ती पचत नाही, तिथेच साठते. मग मेंदूचे पातळ काप फोटोग्राफिक थरावर ठेवले की कामात असलेली जागा काळी उमटते. हा निबंध १९८४ चा. १९८८ साली त्यांनी एकटीच्या नावाने दाखवलं की वास बदलला की काळ्या गोळ्यांची नक्षी बदलते. थोडक्यात, वासाचा नकाशा असतो!

आता तारखा बघा. वास ओळखणाऱ्या जनुकांचं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना उंदरात सापडलं १९९१ साली, त्यावर नोबेल २००४ साली. फळमाशीतली अशी जनुकं हाती लागली १९९९ मध्ये. त्यानंतर कळलं की एका प्रकारच्या वास-पेशींचे धागे एखाद-दुसऱ्या ठरावीक गोळ्यातच जातात. म्हणजे जनुकांची नावं माहीत नसताना, केवळ काळ्या डागांवरून काढलेला नकाशा मुळात बरोबर निघाला.

असो. बक्षिसाचा हिशोब मांडायचा नाहीये. मला थक्क करते ती चिकाटी. नंतर टीआयएफआर आणि बंगळूरचं एनसीबीएस इथे त्या याच नकाशाच्या मागे राहिल्या: वाढत्या माशीत हे धागे आपापला गोळा शोधतात कसे? नोव्हेंबर २०१० मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. सतत येणाऱ्या वासाची मेंदूला सवय कशी होते यावरचा निबंध २०११ साली आला, त्यात त्यांचंही नाव आहे. आणि २०२४ मध्ये माशीच्या अख्ख्या मेंदूचा वायरिंग नकाशा प्रसिद्ध झाला, तब्बल १,३९,२५५ चेतापेशींचा.

दर दोन वर्षांनी आपण प्रोजेक्ट बदलतो, कंपनी बदलतो. यात चूक काही नाही. पण एकच बग तीस वर्षं न सोडणारी माणसं आपल्याच लोकलच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे काम करत होती, हे माहीत असायला हवं. चिलटं हाकलताना एवढं आठवलं तरी पुरे.