हनन्या गाळू नये

नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत वचन उकलून सांगण्याची जी रीत रुजली, तिचं मोठं श्रेय मी कीर्तनाला देतो. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आलं, 1831 साली अहमदनगरला पोहोचलं. सुरुवातीचा बराचसा उपदेश बाजारात, रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या चाले. बाजारहाटाला आलेल्या माणसाला अख्खा अध्याय ऐकायला सवड कुठली? 1860च्या दशकापासून कृ. र. सांगळे यांच्यासारख्या इथल्याच ख्रिस्ती गायक-कवींनी कीर्तनाचा बाज उचलला आणि रात्रीची जेवणं उरकून निवांत बसलेला श्रोता मिळाला. पुढे नारायण वामन टिळकांनीही कीर्तनं केली.

कीर्तनाची बांधणीच अशी आहे, की वचनाला त्याच्या घरातून एकटं बाहेर काढता येत नाही. पूर्वरंगात वचन घेऊन निरूपण करायचं, मध्ये भजन, मग उत्तररंगात आख्यान आणि आख्यान संपताना पुन्हा त्याच वचनावर यायचं. आख्यान वचनाशी जुळलं नाही, तर ते श्रोत्यांच्या तिथल्या तिथे ध्यानात येतं.

मी स्वतः कीर्तन करतो. यिर्मया 29:11 हे आपल्या ख्रिस्ती घरांतलं लाडकं वचन. कॅलेंडरवर असतं, परीक्षेला निघालेल्या मुलांना देतात. देवाने तुमच्यासाठी हिताचे संकल्प केले आहेत, असा त्याचा आशय. मी ते पूर्वरंगाला घेतो आणि उत्तररंगात आदला, 28वा अध्याय लावतो. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन यरुशलेमेत उभा आहे. हनन्या संदेष्टा सगळ्यांदेखत ते जू उतरवतो, मोडतो आणि सांगतो, दोन वर्षांत बाबेलची सत्ता मोडेल. इथे झांज जोरात वाजते. ज्यांनी बैलांच्या मानेवर जू ठेवलंय, त्यांना त्याचं ओझं समजावून सांगावं लागत नाही.

मग यिर्मयाचं पत्र बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांपर्यंत पोहोचतं. घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सुटकेला सत्तर वर्षं आहेत. हिताच्या संकल्पाचं वचन येतं ते या सत्तर वर्षांच्या पाठोपाठ. ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण सुटका पाहायला उरणार नव्हते, तरी वचन त्यांचंही होतं. कामासाठी घरदार सोडून शहरात गेलेल्या पोरांच्या आईबापांना मी हेच सांगतो: पोरगा लवकर परत येईल असं वचन इथे नाही, पण तो जिथे आहे तिथे देव आहे, असं नक्की आहे. हे सांगताना माझाही आवाज कापतो. हनन्यासारखा दोन वर्षांचा खोटा दिलासा द्यायला सोपा असतो, आणि दुःखातल्या माणसाला तो देणं मला पाप वाटतं.

हल्ली पाळकसाहेब तासाभरात आटपा म्हणतात. मग मी साक्या कमी करतो, दिंडी सोडतो, नमन दोन ओळींत उरकतो. हनन्या मात्र पुरता सांगतो.